पेटीतलं घड्याळ

निमिया ओवेलारच्या कंपासपेटीत एकही वस्तू जास्तीची नसे. सातवीत मी तिला गणित शिकवायचे. इतर मुलींच्या पेट्या उघडल्या की रिबिनी, गोळ्यांचे कागद, तुटकी कानातली बाहेर पडत. निमिया आदल्या दिवशीचा फळा आठवून पेटी भरायची. भूमिती असेल तर कंपास, नसेल तर तो घरी. एकदा मी आयत्या वेळी वर्तुळ काढायला सांगितलं आणि तिच्याकडे कंपास नव्हता. तिनं शेजारणीकडे मागितला नाही. बाहीचा उसवलेला दोरा ओढून काढला, पेन्सिलीला बांधला आणि वर्गातलं सगळ्यात बरं वर्तुळ काढून दाखवलं. "उगाच ओझं कशाला वाहायचं, प्रोफे?" म्हणाली. आमच्याकडे शिक्षकांना प्रोफेच म्हणतात. मी तिला शाबासकी दिली होती. ती तेव्हा द्यायला नको होती असं आता कधीकधी वाटतं, पण ते काही खरं नाही.

तिचे वडील सेवेरो आमच्याच शाळेत होते. झाडलोट, पाणी, फाटक, सगळं त्यांच्याकडे असलं तरी आमच्या पुएर्तो लारा गावात त्यांना सगळे 'घंटेवाले काराई', म्हणजे घंटेवाले साहेब, म्हणत. सव्वीस वर्षं मी त्यांच्या घंटेवर वर्गात गेले आणि त्यांच्याच घंटेवर बाहेर आले. डाव्या मनगटावर चावीचं घड्याळ. सकाळी फाटक उघडलं की आधी घड्याळाला चावी, मग बाकीचं जग.

आमच्या देशात घड्याळ वर्षातून दोनदा सरकारी हुकमानं फिरायचं. ऑक्टोबरात, आमचा उन्हाळा लागला की, तासभर पुढे, मार्चमधल्या चौथ्या रविवारी तासभर मागे. त्या दोन रविवारी सेवेरो सायकलवरून एकेका शिक्षकाच्या दारी यायचे. "प्रोफे, फिरवलंत का?" नाही म्हटलं की स्वतः स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ फिरवायचे आणि खाली उतरल्यावर स्टूल पुसून ठेवायचे. सोमवारी अर्धी मुलं वेळ चुकून यायची. शिक्षक एकही चुकायचा नाही.

मी निवृत्त झाले, मागोमाग तेही झाले. घरं शेजारी-शेजारी. सकाळी माझ्या ओसरीवर तेरेरे, आमचं पानांचं थंड पेय, घेत बसायचा आमचा नेम होता. मग त्यांची मूत्रपिंडं गेली. पाणी मोजून प्यायचं, तेरेरे तर बंदच. तरी ते यायचे. भांड्यात पानं भरायचे, थंड पाणी ओतायचे, माझ्या हातात द्यायचे, आणि स्वतः बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून बसायचे. "ओतणाऱ्याला तहान कमी लागते," म्हणायचे. ते खोटं होतं.

निमिया तेव्हा असुन्सिओनमध्ये एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. वडिलांचं कळल्यावर कंपनीला सांगून काम घरी घेऊन आली. आई आधीच गेलेली. महिन्यातून एकदा राजधानीला जायचं, बाकी दिवस खिडकीपाशी कम्प्युटर आणि मागे वडिलांचं खोकणं.

डायलिसिसचं केंद्र पन्नास किलोमीटरवर, लाल मातीच्या रस्त्यानं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास खुर्चीला बांधून घ्यायचं. आमच्या बाजूचे पाच रुग्ण एकाच व्हॅनमधून जायचे. पण यंत्रं बिघडत, रस्ता चिखलात जाई, खुर्चीची वेळ रोज वेगळी. केंद्रातला कारकून फोन करून कळवायचा, म्हणजे आठवलं तर कळवायचा. एकदा सेवेरो फाटकाशी तीन तास उन्हात उभे होते. व्हॅन आलीच नाही. त्या आठवड्यात निमियानं केंद्रासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रातल्या सिस्टर लिंपियानं कुठली खुर्ची किती वाजता मोकळी ते भरायचं. पुढचा हिशोब प्रोग्राम करणार, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर, तसाच ड्रायव्हर देर्लिसच्या फोनवर, वेळेवर निरोप जाणार.

लिहून झाल्यावर ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. सेवेरो होतेच.

"आता हे पेटीत भरायचं," ती म्हणाली.

"कसली पेटी, बये?" सेवेरोंनी विचारलं.

"बघा, मी लिहिते ते माणसाला वाचता येतं. ते कंपाइल केलं की यंत्राला कळेल असा एकच गोळा होतो. तो चालायला जे जे लागतं ते त्याच्याबरोबर एका पेटीत भरायचं आणि पेटी सीलबंद करायची. तिला इमेज म्हणतात. केंद्रातला कम्प्युटर जुना असो, उद्या कुणी बदलो, पेटी नेऊन ठेवली की काम सुरू. आतल्याला बाहेरचं काहीच लागत नाही."

"आणि लोक काय भरतात त्यात?" मी विचारलं.

"लोक अख्खं घर भरतात, प्रोफे. पलंग, कपाट, सासू. मी रिकाम्या पेटीपासून सुरू करते. गोळा, आणि अगदी नडेल तेवढंच."

"सासू नाही?" सेवेरो म्हणाले. "म्हणून तुझं लग्न होत नाही."

पहिल्या चाचणीत आठचा निरोप पहाटे पाचला आला. सेवेरो कपडे करून फाटकाशी हजर. निमिया केस न विंचरता धावत बाहेर आली.

"पापा, आत या! पेटी इतकी रिकामी ठेवली की तिला आपण कुठल्या देशात आहोत तेच माहीत नाही. जगाची वेळ जिथून मोजतात त्या शून्य रेखांशाच्या वेळेनं चाललीय."

"शाळेत असतीस तर पहिली आली असतीस," ते म्हणाले आणि आत जाऊन बूट काढले.

त्याला उपाय सोपा होता. कुठल्या शहराचं घड्याळ कधी किती फिरतं याची एक वहीच असते म्हणे, जगातल्या शेकडो शहरांची. निमियानं तिच्यातलं एकच पान काढून घेतलं, असुन्सिओनचं, आणि पेटीत ठेवलं.

"बाकीची पानं?" सेवेरोंनी विचारलं.

"बाकीच्यांचं आपल्याला काय करायचंय?"

"आणि सरकारचा हुकूम आला की त्या पानाला कोण सांगणार?"

"पुढच्या सगळ्या वर्षांचं लिहिलेलं असतं त्यात. मार्च आला की मागे, ऑक्टोबर आला की पुढे. आपोआप."

सेवेरोंनी समाधानानं बर्फाचा खडा तोंडात टाकला. "म्हणजे पेटीत एक घंटेवाला बसवलास."

तीन वर्षं पेटी चालली. एकदाही चुकली नाही. पलीकडच्या गावातली एक म्हातारी केंद्राला फोन करून विचारायची, आज गाडी कधी. कारकून म्हणायचा, "निरोप आला का? नाही ना? मग बसा घरी." हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले. निमियानं वडिलांना ताकीद दिली होती, निरोप आल्याशिवाय उन्हात जाऊन उभं राहायचं नाही. सव्वीस वर्षं मनगटाकडे बघून जगलेला माणूस फोनकडे बघू लागला.

मग दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात कायदा झाला. घड्याळ आता फिरणार नाही. उन्हाळ्याची वेळ तीच कायमची. बातमी आली तेव्हा सेवेरो ओसरीवर बसून पानं भरत होते.

"घ्या," ते म्हणाले. "संसदेनं माझं उरलंसुरलं कामही काढून घेतलं."

निमियाला मार्चची आठवण होती. फेब्रुवारीतच ती केंद्रात जाऊन आली. तिथल्या कम्प्युटरला विचारलं, मार्चनंतर किती वाजणार? त्यानं बरोबर सांगितलं. कुणीतरी त्याची वही नवी केलेली होती. निमिया निश्चिंत होऊन परत आली. पण तो कम्प्युटर म्हणजे पेटीच्या बाहेरचं घर. पेटीच्या आत तिनं स्वतःच्या हातानं ठेवलेलं जुनं पान तसंच होतं, आणि त्यावर मार्चमध्ये एक तास मागे असंच लिहिलेलं होतं. आत डोकवायला पेटीला झरोकासुद्धा नव्हता. तो जास्तीचा म्हणून तिनंच ठेवला नव्हता. पूर्ण उन्हाळाभर जुनं पान आणि नवा कायदा एकच वेळ सांगत होते, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

मार्चच्या चौथ्या रविवारी निमिया कामासाठी असुन्सिओनला गेली. सोमवारी संध्याकाळी परतायची होती. शनिवार-रविवार यंत्र नसतं, म्हणून सोमवार या लोकांना सगळ्यात जड. पाय सुजलेले, श्वास तोकडा. सेवेरोंची खुर्ची दहाची होती, म्हणजे निरोप दोन तास आधी, आठला यायला हवा.

साडेआठला ते माझ्या ओसरीवर आले. नवा शर्ट, दाढी केलेली.

"आज उशीर दिसतोय," मी म्हणाले.

"यंत्र बिघडलं असेल. निरोप नाही म्हणजे गाडी नाही."

त्यांनी मला तेरेरे भरून दिलं. पाणी भांड्याबाहेर सांडलं, ते त्यांनी लगेच पुसलं. आत माझ्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले आणि त्याच वेळी त्यांचा फोन वाजला.

त्यांनी तो लांब धरून वाचला. "आत्ता आठ वाजले आहेत. गाडी साडेआठला येईल."

"काहीतरी गडबड आहे," मी म्हणाले. "नऊ वाजलेत."

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तिथेही नऊ. मग पुन्हा फोनकडे.

"काल चौथा रविवार होता ना, प्रोफे?"

"होता. पण यंदा फिरवायचं नाही. कायदा झालाय, विसरलात?"

"विसरलो नाही. पण निमियाचा निरोप आठ म्हणतोय."

"मग खरं कुणाचं? निमियाचं की संसदेचं?"

ते हसले. "संसदेचं काय, आज करते उद्या मोडते. मोडलाही असेल काल. निमिया चुकायची नाही." आणि घड्याळाची कळ बाहेर ओढून त्यांनी काटा सावकाश मागे घेतला. नवावरून आठावर. इतक्या वर्षांच्या मार्चमध्ये मी त्यांना हेच करताना पाहिलं होतं. त्यामुळे ते मला विचित्र वाटलं नाही.

"तिला फोन तरी करा."

"मीटिंगमध्ये असेल. एका तासासाठी तिला कशाला त्रास?"

मी करू शकले असते. माझ्याकडे तिचा नंबर होता.

देर्लिस साडेनऊला व्हॅन घेऊन आला. त्याचा फोन जुना, तोही रविवारी आपोआप तासभर मागे गेला होता, म्हणून बिचाऱ्याला वाटलं आपण अगदी वेळेवर आहोत. मी ओरडून सांगितलं तर म्हणाला, "प्रोफे, तुमच्या भिंतीवरच्या आजोबांना सेल घाला!"

केंद्रात पोचायला पावणेअकरा झाले. नियम असा की अर्धा तास वाट पाहायची, मग खुर्ची पुढच्याला. पाचही खुर्च्या गेल्या होत्या. लिंपियानं धावपळ करून तिघांना दोन-दोन तास बसवलं, चौथ्या बाईला दुपारचं कुणीतरी आलं नाही म्हणून जागा मिळाली. पाचवा कोण ते वजनावरून ठरवलं. ज्याच्या अंगात पाणी कमी साचलं तो थांबू शकतो. सेवेरो एक थेंब जास्त प्यायचे नाहीत. त्यांचंच वजन सगळ्यात कमी वाढलेलं निघालं.

"काराई, उद्या सकाळची पहिली, आठची खुर्ची तुमची," लिंपिया म्हणाली. "मी लिहून ठेवते. चालेल ना?"

"चालेल, सिस्टर. मला कसली घाई?"

दुपारी तीनला ते परत आले. ओठ कोरडे, चेहरा मातीच्या रंगाचा. मी खुर्ची सरकवली.

"केंद्रात किती वाजले होते?" मी विचारलं.

"तुमचं खरं निघालं. संसदेचं."

"मग आता तरी घड्याळ लावा."

त्यांनी मनगट पाहिलं, पण कळ ओढली नाही. "राहू द्या. उद्या सहाला निरोप येईल. ती काय म्हणते ते बघतो, मग लावतो."

"निमियाला सांगितलंत?"

"नको. तिला वाटेल तिची चूक."

पण निमियाला अकरा वाजताच कळलं होतं. लिंपियानं फोनवर एवढंच म्हटलं, "सगळे बरोब्बर एक तास उशिरा आले ग," आणि निमियाला पुढचं ऐकायची गरज पडली नाही. मीटिंग सोडून ती बस अड्ड्यावर आली, बाकावर बसून जुनं पान काढलं, नवं ठेवलं, पेटी पुन्हा सील केली आणि केंद्रात पाठवली. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. बस मिळाली, पण वाटेत चिखलात अडकली. ती आठला घरी पोचली तेव्हा वडील झोपले होते. उठवावं का असा विचार करून तिनं उठवलं नाही. सकाळी सांगू म्हणाली.

मंगळवारी पहाटे उठून तिनं त्यांच्यासाठी मिठाशिवाय बनवलेला चिपाचा पाव भट्टीत गरम करायला ठेवला. बरोबर सहाला आतल्या खोलीत फोन वाजला. ती नंतर मला म्हणाली, तो आवाज ऐकून जिवात जीव आला. सेकंदाचाही फरक नव्हता. हात पुसत ती सांगायला आत गेली.

सेवेरो पलंगाच्या कडेवर बसून भिंतीला टेकले होते. एक बूट पायात होता, दुसरा हातात. हातावरच्या घड्याळात पाच वाजले होते आणि ते चालू होतं.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय लिहिलं. रक्तातला क्षार वाढतो, चार दिवस तुंबला की हृदयाला झेपत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. वय होतंच, असंही म्हणाले. कुणी निमियाला दोष दिला नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला असावा. तिनं केंद्राला दीड पानाचा अहवाल लिहिला, त्याची पहिली ओळ होती, "चूक माझी आहे."

लिंपिया तो हातात घेऊन आली. "हे काढ ग. इथे कुणाला कळतंय पेटी आणि पान? फोनची गडबड होती म्हण. देर्लिसचा नव्हता का चुकला?"

"देर्लिसच्या फोनवर कुणी जीव सोपवला नव्हता, सिस्टर."

नऊ दिवसांची प्रार्थना असते आमच्याकडे. नवव्या दिवशी जपमाळ संपल्यावर, चिपा वाटायच्या आधी, निमिया उठून उभी राहिली. व्हॅनमधले उरलेले चौघे आले होते. तिनं त्यांना सरळ सांगितलं. पेटी काय होती, पान कुठलं होतं, ते कुणी ठेवलं, आणि फेब्रुवारीत तिनं घराला वेळ विचारली पण पेटीला विचारली नाही. दोघांना समजलं नसावं. पलीकडच्या गावातली म्हातारी मात्र म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम नाही केलंस."

"नाही, आजी."

"मग बस. पाय दुखतील."

"मुद्दाम केलं नाही, पण मीच केलं," निमिया म्हणाली आणि उभीच राहिली.

पेटीला आता झरोका आहे. रोज सकाळी ती आधी स्वतःची वेळ सांगते, लिंपिया केंद्रातल्या भिंतीकडे बघून हो म्हणते, तेव्हाच पहिला निरोप सुटतो. लिंपिया कुरकुरते, "लहान पोरासारखी रोज विचारते ही!" पण हो म्हटल्याशिवाय राहत नाही.

महिन्याभरानं निमिया माझ्या ओसरीवर आली. वडिलांच्या जागी बसली आणि रुमालातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ते कधीच बंद पडलं होतं.

"प्रोफे, मी ते पाहिलं तेव्हा चालू होतं. पण एक तास मागे. पापांचं घड्याळ कधी मागे पडायचं नाही."

"नाही पडायचं."

"मग ते त्यांनी फिरवलं?"

शिक्षकी पेशात मी पुष्कळ मुलांना पुष्कळ वेळा थोडं सोपं करून सांगितलं आहे. निमियाला कधी सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "इथेच बसून. तुझा निरोप आल्यावर. मी म्हटलं, नऊ वाजलेत. तर म्हणाले, निमिया चुकायची नाही."

तिनं मान हलवली. वर्गात मी बरोबर उत्तर सांगितलं आणि तिच्या वहीतलं वेगळं निघालं की ती अशीच मान हलवायची, आणि मग खोडरबर न मागता स्वतःच्या बोटानं ते पुसायला लागायची.

"आणि दुपारी? केंद्रातून आल्यावर? तेव्हा तर त्यांना कळलंच असेल."

"कळलं होतं. मी म्हटलं, लावा आता. म्हणाले, उद्या सहाला निरोप येईल, ती काय म्हणते ते बघतो, मग लावतो."

मी तेरेरे भरलं, पाणी ओतलं, तिच्यासमोर धरलं. तिनं घेतलं नाही.

"निरोप बरोबर आला होता, प्रोफे," ती म्हणाली. "बरोब्बर सहाला."